मराठीत नापास

मातृभाषेत नापास झालेली बाई तुम्ही कधी पाहिली नसेल, तर आता पाहून घ्या. मला मराठीत शंभरापैकी तेहतीस मार्क मिळाले. पस्तीसला पास. हे तेहतीस मला पुण्याच्या कुठल्या खडूस पंतोजीने दिलेले नाहीत. माझ्या सख्ख्या मामाने दिले, तंजावरात.

आई तंजावरची, राजवाड्यामागच्या गल्लीतली. तिला साताऱ्याला दिली आणि साताऱ्याने तिला जन्मभर 'मद्राशीण' म्हणून छळलं. ती 'मज नको' म्हणाली की माझ्या काकू पदराआड हसायच्या. म्हणायच्या, "मज म्हणे! कीर्तनाला उभी राहिलीय का ही?" मग आई गप्प व्हायची आणि मला थोपटताना तमिळ बोलायची, कारण तमिळला हसण्याइतकं तमिळ तिथे कुणाला येत नव्हतं. असं मला थोडं तमिळ कानावाटे आलं. लिहिता-वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं.

वडील माझ्या लहानपणीच गेले होते. मी मास्तरणीच्या ट्रेनिंगचं पहिलं वर्ष संपवलं आणि आई गेली. महिना झाला नाही तोच काकूंनी एक बिजवर शोधून काढला, दोन मुलांचा, दम्याचा. तेवढ्यात मामांचं पत्र आलं. इंग्रजीत. मुलीला इकडे पाठवा, राहिलेलं वर्ष इथे पुरं करील. मला वाटलं देवच धावून आला. देव कसला! मामींचे गुडघे गेले होते आणि विहिरीचं पाणी ओढायला घरात बाईमाणूस हवं होतं. पण ते मला तंजावरच्या स्टेशनावर उतरेपर्यंत कळायचं नव्हतं.

भाषावार राज्यांची वाटणी नुकतीच होऊन गेली होती तेव्हाची ही गोष्ट. बायकांच्या ट्रेनिंग शाळेत सगळं शिकवणं तमिळमध्ये. मुख्य बाईंना सगळे 'पेरिय टीचर' म्हणायचे, म्हणजे मोठ्या बाई. उंच, काळ्याभोर, पांढऱ्या सुती साडीला कडक खळ. त्यांनी माझे साताऱ्याचे कागद चाळले आणि सरळ सांगितलं, "तिकडचं एक वर्ष आम्ही धरू. पण एका अटीवर. इथे वर्षाच्या शेवटी सगळ्या विषयांत पास व्हायचं. एक विषय जरी गेला, तर तिकडचं वर्ष धरलं जाणार नाही. पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे दोन वर्षं. म्हणजे मामींच्या विहिरीवर आणखी दोन वर्षं. आणि पास झाले तर जूनमध्ये पापनाशमच्या मुलींच्या शाळेत जागा रिकामी होत होती. तिथल्या एका म्हाताऱ्या मास्तरीण बाईच्या घरी खोलीसुद्धा मिळणार होती. स्वतःचा स्टोव्ह, स्वतःचा दरवाजा, आतून कडी. मला त्या कडीची स्वप्नं पडायची, खोटं कशाला सांगू.

मग विषय निवडायचे आले. शिक्षणशास्त्र, गणित, पाठ घेणं हे सगळ्यांनाच, आणि त्यांचे पेपर इंग्रजीत लिहिले तरी चालायचे. बाकीचे आपल्या पसंतीने घ्यायचे. संगीत की हस्तकला? वर्गातल्या मुलींनी एका सुरात संगीत घेतलं. त्यांना गाणं कुठे नव्याने शिकायचं होतं! तिरुवैयारु या गाण्याच्या गावची एक पोर तर तोंडात पान असतानाही तालात थुंकायची. मी सूतकताई घेतली, कारण टकळीला तमिळ येत नाही. राहिली भाषा. नियम असा होता की तमिळ घ्या, नाहीतर ज्याची जी मातृभाषा असेल ती घ्या, फक्त गावात परीक्षक मिळायला हवा. मी विचारसुद्धा केला नाही. मराठी! फुकटचे मार्क. परक्या गावी शिकायला गेलेला कुणीही हेच करील. जिथे सगळंच अवघड, तिथे एक तरी विषय आईच्या हातचा घ्यावा, एवढाच माझा हिशेब.

पेरिय टीचर म्हणाल्या, "तमिळ घे. मेहनत पडेल, पण आम्ही शिकवू. मराठीचा वर्ग इथे नाही. तुझं तुला बघावं लागेल."

"मराठीत काय बघायचंय?" मी म्हटलं. केवढा तो तोरा! वीस वर्षांच्या पोरीला अक्कल असती तर काय हवं होतं.

वर्ष कसं गेलं ते माझं मला माहीत. तमिळ व्याख्यान कानात शिरायचं आणि मी ते देवनागरीत उतरवून घ्यायचे. रात्रभरात त्याचा अर्थ उरायचा नाही, नुसते आवाज उरायचे. पहाटे उठून पाणी, मग सारवण, मग मामांच्या कॉफीचा डवरा-टंबलर, म्हणजे वाटी आणि पेला, मग शाळा. पाठ घ्यायला चौथीच्या वर्गात उभी राहिले की पोरी माझ्या जिभेची नक्कल करायच्या. एकदा मला 'मळै' म्हणायचं होतं, पाऊस, आणि तोंडून 'मलै' गेलं, डोंगर, तर आख्खा वर्ग खिडकीतून बाहेर बघून ओरडला, "कुठे आहे? कुठे आहे?" पेरिय टीचर मागच्या बाकावर बसून टिपणं काढत होत्या. हसल्या नाहीत, पण पोरींना गप्पही केलं नाही. तरी मी शिकले. चिडून शिकले. राग हा फार चांगला मास्तर आहे, फी घेत नाही.

घरी वेगळाच तमाशा. माझ्या बोलण्याला मामी फिदीफिदी हसायच्या. "ऐकिलेंत कीं? 'मला पाहिजे' म्हणतें. बाजारांतली भाषा." मामा झोपाळ्यावरून न्याय द्यायचे. "तिकडे सगळें मोडून गेलें. राजांची मराठी राहिली ती आमच्याकडे." साताऱ्याला आई मद्राशीण, इथे मी बाजारातली. आमच्या दोघींच्या वाट्याला नीट मराठी कुठेच आली नाही.

मामा कलेक्टर कचेरीत नोकरीला होते. इंग्रजी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचायचे, तमिळ साप्ताहिकातल्या चुका काढायचे. गल्लीत मराठी म्हणजे मामांचा शब्द. लग्नात मंगलाष्टकं ते म्हणणार, कुणी पाहुणा आला तर मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरलेला मराठी लेख तेच दाखवायला नेणार. एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्या डोळ्यांत भरली होती. देवघरातली आरत्यांची वही तमिळ लिपीत होती. 'सुखकर्ता दुःखहर्ता' तमिळ अक्षरांत. सगळं घर मराठी बोलत होतं आणि घरात एकालाही बाळबोध अक्षर वाचता येत नव्हतं. मी मनात म्हटलं, असेल बाई, मामांना येत असेल, बाकीच्यांसाठी तमिळमध्ये लिहिली असेल.

पोंगलच्या सुमारास मामांचे मद्रासचे एक साहेब आले, बायको बरोबर. त्यांना देऊळ दाखवायला मामा निघाले आणि पाण्याचा तांब्या धरायला मला घेतलं. कोपऱ्यात त्या लेखापुढे मामा उभे राहिले, अंगवस्त्र सावरलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. काय तो आवाज! खडा, ठसठशीत. साहेबांनी हात जोडले. मी पण वाचत होते, माझ्या डोळ्यांनी. आणि माझ्या लक्षात आलं की मामांचं बोट एका ओळीवर आणि शब्द भलत्याच ओळीतले.

"मामा, ते खाली आहे," मी बोटाने दाखवत म्हटलं. "चौथ्या ओळीत. इथे वर दुसरंच काहीतरी लिहिलंय."

मी खरंच मदत करायला म्हटलं हो. साहेबांची बायको खुदकन हसली. मामांचं बोट तिथेच राहिलं. मग ते म्हणाले, "ऊन फार झालें, चला." घरी येईपर्यंत ते माझ्यापुढे चालत होते, एकदाही मागे वळले नाहीत. त्या दिवशी मला कळून चुकलं: मामांना लेख तोंडपाठ होता, वाचता येत नव्हता.

मार्चमध्ये पेरिय टीचरनी मराठीसाठी परीक्षक शोधायला गावात विचारलं. गावाने एकच नाव सांगितलं. नातं आड येतं, हे त्यांनाही कळत होतं. पण दुसरं कोण? गल्लीतल्या बायका विहिरीवर मला म्हणाल्या, "तुज काय गे आतां! मामाच परीक्षक." कुंपणच शेत खातं, ही म्हण त्यांना ठाऊक नव्हती बहुतेक.

मामांनी प्रश्नपत्रिका इंग्रजीत काढली. मराठीची प्रश्नपत्रिका, आख्खी इंग्रजीत. एक तमिळ उतारा मराठीत करायचा होता, दहा म्हणींचे अर्थ लिहायचे होते, आणि निबंध: आपलं आजोळ. मी हातातला टाक खाली ठेवला आणि पाच मिनिटं नुसती बसले. आजोळ! मी ज्या घरात पाणी ओढत होते ते. पण मला आईचं माहेर आठवलं, म्हणजे तिने सांगितलेलं माझं आजोळ. ती लहान असताना तिचा दादा तिला खांद्यावर बसवून तिरुवैयारुला कावेरीवर न्यायचा. पाण्याला घाबरून ती त्याचे केस धरायची आणि तो म्हणायचा, ओढ, ओढ, केस परत येतील, तू परत यायची नाहीस. सासरी हे सांगताना आई हसायची आणि मग चुलीत फुंकर घालायला वळायची. मी ते सगळं लिहिलं. मी इतकं चांगलं त्याआधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. लबाडी नव्हती त्यात. थोडी आशा होती.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाली. मामी आत लवंडल्या. मामांनी मला हाक मारली. "ये गे. बस." झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी माझाच पेपर होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वाच. मोठ्यानें. माझे डोळे आज दुखताहेत."

मी वाचला. परीक्षकाला स्वतःचा पेपर वाचून दाखवणारी जगातली पहिली विद्यार्थिनी मीच असेन. मामांनी विडा गालात धरला आणि डोळे मिटले. उतारा झाला, म्हणी झाल्या. एक म्हण मी दोनदा वाचावी म्हणून त्यांनी बोट वर केलं. मग निबंध. कावेरीपाशी आले तेव्हा झोपाळ्याची कडी करकरायची थांबली. केसांचं वाक्य आलं. मी वर बघितलं. मामांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, खरं सांगते, गालावरून हनुवटीपर्यंत. ते त्यांनी पुसलंही नाही.

"झालें?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"वाचतेस चांगलें. जा, भांडीं पडलींत."

मी भांडी घासताना गाणं म्हणत होते. मामींनी आतून ओरडून विचारलं, वेड लागलें कीं काय. पापनाशमची खोली, स्टोव्ह, कडी. मी राखेने पातेली घासत होते आणि मनात कडी लावत होते.

निकाल शाळेच्या फळ्यावर लागला. शिक्षणशास्त्र पास, गणित पास, पाठ घेणं पास, सूतकताईत तर वर्गात पहिली. मराठी तेहतीस. तिरुवैयारुच्या त्या पोरीने सगळ्या पोरींना हाका मारून मारून बोलावलं. "अय्यो, या ना! मराठी मराठीत फेल!" माझ्या समोर उभ्या राहून त्या हसल्या. एक जण हसता हसता खाली बसली. मला वाटलं जमीन फाटावी आणि त्या सगळ्यांना पोटात घ्यावं, मला नाही.

घरी जाऊन मी मामांपुढे उभी राहिले. ओरडले नाही. "मामा, काय चुकलं?"

त्यांनी पेपर, म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्र, खाली केलं. "चुकलें कांहीं नाही. नव्वद दिले असते तर लोक म्हणाले असते, भाची म्हणून दिले. पस्तीस दिले असते तरी तेंच म्हणाले असते. तेहतीसला कोण काय म्हणेल?"

"पण माझं वर्ष गेलं!"

"येथें काय कमी आहे तुज?" आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं. मामी दारात उभ्या होत्या, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी अजून विसरले नाही. विहिरीवरची बाई टिकली होती.

मी तशीच उलट पावली शाळेत गेले. पेरिय टीचर कुलूप लावत होत्या. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, "ज्यांनी पेपर तपासला त्यांना मराठी वाचता येत नाही."

त्यांनी किल्ली कमरेला खोचली. "मग मार्क कसे दिले?"

"मी वाचून दाखवला त्यांना."

बोलले आणि तिथेच कळलं. पेरिय टीचरनी कुलूप पुन्हा उघडलं नाही. अगदी शांतपणे म्हणाल्या, "परीक्षा झाल्यावर तुझा पेपर तुझ्या हातात आला होता? घरी? परीक्षकाजवळ बसून तू वाचलास? हे मी ऐकलं असं धरलं, तर तुझी सगळी परीक्षा रद्द होईल, मुली. सूतकताईसकट. पुन्हा कुठे बसता येणार नाही. मी ऐकलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुला मी तमिळ घे म्हणाले होते," त्या म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या. दुष्ट नव्हत्या त्या. नियमाने चालणाऱ्या होत्या, आणि नियमाच्या माणसाची तेवढीच दया असते.

साताऱ्याचं वर्ष बुडालं. पहिल्यापासून दोन वर्षं काढली, त्याच वर्गात, त्याच विहिरीवर. भाषा म्हणून तमिळ घेतली. पहिले सहा महिने अक्षरं गिरवली, पहिलीच्या पोरींबरोबर. दोन वर्षांनी तमिळमध्ये एकाहत्तर मिळाले. त्या वेळी कुणी हसलं नाही, कारण त्यात मजा नव्हती. पापनाशमची ती जागा कधीच भरली होती. दुसरी निघेपर्यंत आणखी एक वर्ष गेलं. शेवटी गेले. खोली मिळाली. कडी मोडकी होती, मी नवी बसवून घेतली.

मामींच्या पश्चात मी वर्षातून एकदा, पोंगलला, तंजावरला जायचे. प्रेमाने नाही. शाळेतल्या बायका विचारायच्या म्हणून. तोवर हिंदीविरोधातले दंगे होऊन गेले होते. पापनाशमच्या स्टेशनावरच्या पाटीवरची देवनागरी अक्षरं कुणीतरी डांबराने पुसून काढली होती. गावात मला सहज वाचता येणारी तेवढीच अक्षरं होती. मला वाईट वाटलं नाही, उलट हसू आलं. म्हटलं, माझी अक्षरं मामांनी आधीच पुसली, हे तर उशिरा आले.

त्या वर्षी मी गेले तर मामा देवळात निघालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काठीवर चाचपत. रामेश्वरला निघालेली यात्रेची एक मंडळी गल्लीत चौकशी करत आली होती आणि मामांनी लेख दाखवायचं कबूल केलं होतं. मंडळी साताऱ्याकडची निघाली! वाटेने त्या बायका बोलत होत्या आणि माझे कान भाजत होते. 'व्हय की', 'काय सांगू बया'. काकूंच्या घरामागे राहणाऱ्या बायकांची तीच बोली. इतक्या वर्षांत मी ती ऐकली नव्हती. मी नऊवारीत नव्हते, कपाळाला विभूती होती. त्यांनी मला तमिळ बाई समजून सोडून दिलं.

लेखापाशी आल्यावर मामा माझ्या कानाशी आले. हळूच म्हणाले, "माझा हात धर गे. पहिल्या ओळीवर ठेव. पुढचें मी बघतों."

मी तमिळमध्ये म्हटलं, मंडळींना कळू नये म्हणून, "मला कसं जमेल, मामा? मी मराठीत नापास."

मामांनी आपला आपण हात पुढे केला, भिंत लागली, बोट टेकवलं आणि सुरू झाले. तोच खडा आवाज. बोट कोऱ्या दगडावर होतं. अक्षरं हातभर पलीकडे सुरू होत होती. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मी बघत होते. मला फार बरं वाटत होतं आणि ते मी लपवणार नाही.

एक म्हातारी पुढे झाली. "अवो बाबा, अक्षरं तिकडं हायती. हितं कायबी न्हाई." मागे कुणीतरी फिसकन हसलं.

मामांचं बोट थांबलं. माझा आवाज जिथून आला होता तिकडे त्यांनी तोंड वळवलं. दुधाळ डोळे. मी वाट बघत होते, ते काहीतरी म्हणतील. माफ कर म्हणतील, चुकलों म्हणतील. ते तमिळमध्ये म्हणाले, सावकाश, एकेक शब्द, "तरीसुद्धा तू नापासच." आणि पुन्हा भिंतीकडे वळून, त्याच कोऱ्या दगडावर बोट ठेवून, पुढची ओळ म्हणू लागले.

म्हातारीला राहवेना. ती माझ्याजवळ आली, माझा दंड धरला. काकूंच्या हातासारखा खरबरीत हात, आणि आईच्या वयाची. अक्षरांकडे बोट करून, मला समजावं म्हणून मोठ्याने, तुटक तुटक विचारलं, "बाई, तुला येतंय का गं? मराठी? वाचाया?"

समोरची ओळ मला स्वच्छ दिसत होती. माझ्या तोंडात शब्द आला होता.

"इल्लै," मी म्हटलं आणि नकाराची मान हलवली.

तिने माझा दंड सोडला आणि ती आपल्या माणसांत परत गेली. पापनाशमची बस चारला होती, मी ती पकडली.